पहिले सहा इंच

त्या शनिवार-रविवारात विद्याधर सातोस्करला चौघांनी मारलं. चौघांची कारणं वेगवेगळी होती, आणि विद्याधर आजही सांगतो की ज्याचं त्याचं कारण त्याच्या जागी बरोबर होतं. मोजमापाच्या धंद्यातल्या माणसाला अशी सवय लागते.

विद्याधर चौतीस वर्षांचा, राहायला मुलुंडला, आणि मातीचा इंजिनियर. म्हणजे जमिनीखालची माती वरचं ओझं किती पेलेल, खड्डा खणला तर त्याची कड उभी राहील की आत येईल, हे सांगणारा. घाटकोपरला नंदकिशोर भडकमकरांच्या सल्लागार कंपनीत तो नोकरीला होता. शहाऐंशी साली भडकमकरांनी कंप्यूटर घेतला. त्याच्यासाठी खोलीला एसी बसवला, नारळ फोडला, पडद्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं आणि दारावर पाटी लावली : 'पादत्राणे बाहेर काढावीत'. कंपनीत एसी तेवढ्या एकाच खोलीत होता. गरम होण्याचा हक्क यंत्राला नव्हता, माणसांना होता.

या यंत्रावर विद्याधरने दीड वर्ष खपून एक प्रोग्रॅम बसवला होता. त्यात जमिनीचे दोनशे बारा त्रिकोण पाडलेले असत. प्रत्येक त्रिकोण शेजारच्याला विचारी, तू मला किती ढकलतोस आणि मी तुला किती ढकलू? चाळीस मिनिटं त्यांची ही ढकलाढकली चाले आणि शेवटी कडेला भोकं असलेल्या कागदावर एक आकडा छापून येई. आकडा एकाच्या वर असला तर कड उभी राहणार. खाली असला तर पडणार. उत्तराला चाळीस मिनिटं लागत, त्यामुळे लोकांचा त्याच्यावर फार विश्वास होता.

चंद्रप्रकाश शेठची बिल्डिंग कांजूरमार्गला, पूर्वेला, खाडीच्या अंगाला उठत होती. उठण्यापूर्वी तळघरासाठी वीस फूट खाली गेली होती. खड्ड्याच्या एका बाजूला लोखंडी पत्र्यांची भिंत ठोकलेली, आणि तिच्यापलीकडे बारा फुटांवर अकरा खोल्यांची एक बैठी चाळ. चाळीतली माणसं आत असताना ही भिंत टिकेल का, असा प्रश्न होता. कंप्यूटर म्हणाला, १.४२. शेठनी तो कागद फ्रेम करून साइट ऑफिसात गणपतीशेजारी लावला. उदबत्ती दोघांना एकच असे.

जानेवारीतल्या त्या शनिवारी सकाळी विद्याधर दुसऱ्या विंगचं बोअरिंग बघायला साइटवर गेला. प्रत्यक्ष बघायला जायची ही त्याची पहिलीच वेळ. पहिल्या विंगच्या अहवालात 'सर्व चाचण्या माझ्या देखरेखीखाली झाल्या' या ओळीखाली त्याने एसीत बसून सही केली होती. सगळेच करतात.

चाचणी साधी असते. तिपाईवरून दोर घेऊन साडेत्रेसष्ट किलोंचं लोखंडी वजन, ज्याला गँग 'मंकी' म्हणते, ते अडीच फुटांवरून नळीच्या डोक्यावर आपटायचं. नळी मातीत अठरा इंच जाईपर्यंत आपटत राहायचं आणि दर सहा इंचांना किती ठोके लागले ते लिहायचं. पहिल्या सहा इंचांचे ठोके सोडून द्यायचे, कारण वरची माती खणताना ढिली झालेली असते. उरलेल्या दोहोंची बेरीज म्हणजे मातीची ताकद.

गँगचा मुकादम गुणाजी तुळसकर. वेंगुर्ल्याकडचा, पन्नाशीचा. आधी गिरणीत होता. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीने त्याला परत घेतलं नाही, तेव्हापासून मंकी ओढत होता.

"लाभ, दोन, तीन," गुणाजी मोजत होता; एकाला तो लाभ म्हणे. मग पुन्हा, "लाभ, दोन, तीन." मग तिसऱ्यांदा. दोर सोडून म्हणाला, "तीन, तीन, तीन. लिवा नऊ."

"सहा," विद्याधर म्हणाला.

"नऊ."

"गुणाजी, पहिले सहा इंच मोजायचे नसतात."

"मोजूचे नसतत? मगे ते काय आमी हौशेन मारले?"

"पहिल्या विंगलाही तिन्ही धरले होतेस?"

"धरतलंय नाय तर! गिरणीत पयलो अर्धो तास मशीन पुसण्यात जाय. तो साहेब धरी नाय. माज्यापुरतो संप त्या अर्ध्या तासाचो होतो. आता हय मी मुकादम आसंय. माज्या गँगचो एक ठोको फुकट जावचो नाय."

विद्याधरने वही मिटली. तो म्हणाला, "म्हणजे चार महिने तू मला खोटे आकडे देतोयस."

गुणाजीने त्याच्या कानाखाली वाजवली. चार वर्षं मंकी ओढलेला हात तो. विद्याधर दोन पावलं मागे जाऊन चिखलात बसला.

"खोटो कोणाक म्हणतंस रे? एकेक ठोको मारलेलो आसा. तू हय हुतंस मोजूक?"

विद्याधर तिथे नव्हता, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिला मार असा बसला.

दुपारी, शनिवारचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटल्यावर, तो घाटकोपरला आला, चपला बाहेर काढल्या आणि यंत्रात सगळीकडे नवाच्या जागी सहा भरले. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं : ०.९५. याचा अर्थ भिंत आधीच पडलेली असायला हवी होती. ती उभी होती हा तिचा अडाणीपणा होता. तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं. उद्या पौर्णिमा. दुपारी एकच्या सुमाराला भरतीचं पाणी चाळीमागच्या नाल्यात चढणार, माती भिजून जड होणार, आणि मग भिंतीलाही कळणार.

त्याने चंद्रप्रकाश शेठना फोन केला. खड्डा निम्मा बुजवा, आणि चाळ उद्या एकच्या आत रिकामी करा.

"विद्याधरजी," शेठ शांतपणे म्हणाले, "तुमचा कंप्यूटर चार महिने एक बोलतो, आज दुसरं बोलतो. असा माणूस मी नोकरीला ठेवत नाही. मशीन कशाला ठेवू? मी माणूस पाठवतो, त्याच्याशी बोला."

माणूस म्हणजे लवू. बरोबर आणखी दोघं. तिघांनी पाटी वाचली, चपला दाराबाहेर जोडीने लावल्या आणि आत आले. लवूच्या हातात हॉकी स्टिक होती. तिच्याबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं.

"मशीनला लागू देऊ नका रे, लाखाचा माल हाय," लवूने बाकीच्यांना बजावलं आणि विद्याधरच्या डाव्या हातावर पहिला फटका घातला. हाड मोडल्याचा आवाज एसीच्या आवाजात मिसळून गेला. दुसरा बरगडीवर. तिसऱ्याला विद्याधर खाली पडला, मग पायांनी. पाय अनवाणी होते, त्यामुळे मारणाऱ्यांनाही लागत होतं. एकाने अंगठा धरून शिवी दिली.

"शेठला तो जुना आकडा पायजेल. आजच्या तारखेचा. छाप."

"असा छापता येत नाही. यंत्रात जे भरू तसंच उत्तर येतं."

"मग तेव्हा काय भरला होता?"

"नऊ."

"मग भर ना नऊ! तुझ्या बापाचं काय जातं?"

कंप्यूटरबद्दलची ही गोष्ट लवूला तीन मिनिटांत कळली. भडकमकरांना दीड वर्षात कळली नव्हती.

विद्याधरने नकार दिला. लवूने मोडलेला हात कोपराजवळ धरून हळूच पिरगाळला. विद्याधरने एका हाताने नऊ भरले. सगळीकडे भरावे लागत होते, त्यामुळे वेळ लागला. मग चाळीस मिनिटं चौघंही बसून राहिले, कारण त्रिकोणांना मारून घाई करता येत नव्हती. अनवाणी पायांना गारठा लागत होता. लवूने चहा मागवला, विद्याधरलाही दिला, आणि पडद्याकडे बघत म्हणाला, "आतमधी काय चाललंय आता?"

"ढकलाढकली."

"तेच," लवू म्हणाला.

१.४२ आला. विद्याधरने तारीख घालून सही केली. ०.९५ चा कागद लवूने फाडला आणि तुकडे खिशात घातले.

रविवारी सकाळी हाताला प्लास्टर आणि छातीला पट्टा बांधून विद्याधर आधी पोलीस चौकीत गेला. ठाणे अंमलदारांनी सगळं ऐकून घेतलं.

"पडली का भिंत?"

"दुपारी पडेल."

"मग पडल्यावर या. न पडलेल्याची तक्रार कशी घेऊ?"

साडेअकराला तो साइटवर पोचला. गँग पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. गुणाजी कोलंब्या साफ करत बसला होता. त्याने वर पाहिलं.

"ह्या मी करूक नाय," तो घाईने म्हणाला.

"तू नाही. लवूने." आणि विद्याधरने त्याला सांगितलं. नऊ, सहा, ०.९५, नाला, एक वाजता. "अकरा खोल्या आहेत, गुणाजी. चाळीस-बेचाळीस माणसं."

गुणाजीने हातातली कोलंबी खाली ठेवली. "माज्या नवामुळे?"

"तुझ्या नवामुळे आणि माझ्या सहीमुळे."

गुणाजी उठला, हात न धुताच चाळीपर्यंत गेला. ओट्याच्या कडेने जमिनीला भेग पडली होती. त्याने तिच्यात बोटं घातली. चारही बोटं गेली. काल तिच्यात काडी जात नव्हती. त्याने शेडकडे बघून शीळ घातली आणि गँगमधले सगळे नऊ जण बाहेर आले.

चाळीची पुढारी द्रौपदी खरात. भांडुपच्या औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. चाळ पूर्वी तेरा खोल्यांची होती. दोन वर्षांपूर्वी म्युन्सिपाल्टीचा माणूस म्हणून कोणीतरी आला, 'इमारत धोकादायक, दोन दिवस बाहेर राहा' म्हणाला. दोन कुटुंबं बाहेर राहिली. संध्याकाळी त्यांच्या खोल्यांच्या जागी विटा होत्या. तेव्हापासून चाळीचा नियम होता की खोलीत कायम एक माणूस हवाच. लग्न असो, मयत असो, एक जण घरी. द्रौपदीकडे हे काम सासूचं होतं. सासू दोन वर्षं खाटेवरून उठली नव्हती. तिला उठता येत नव्हतं हेही एक कारण होतं.

विद्याधरने ओट्यावर उभं राहून सगळं समजावलं.

"कोण म्हणतं पडणार?" द्रौपदीने विचारलं.

"कंप्यूटर."

"मागं म्युन्सिपाल्टी म्हणाली होती. आता कंप्यूटर. पुढच्या खेपेला देवाला पाठव म्हणावं शेठला." बायका हसल्या. "आणि त्या ऑफिसात फोटो लावलाय तो कसला? तुझाच कंप्यूटर म्हणतो ना भिंत पक्की हाय म्हणून?"

"तो चुकला होता."

"आणि आता बरोबर झाला! कधी, काल? हात कशात मोडला?"

"शेठच्या माणसांनी मोडला."

"नाटक झकास हाय. प्लास्टर ओलं दिसतंय."

तिची एकही शंका चुकीची नव्हती. विद्याधरला हे दिसत होतं, आणि घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. नाल्याचं पाणी काळ्या चिखलावर चढायला लागलं होतं. "बाई, पाया पडतो," म्हणत तो तिच्या दाराच्या आत शिरला. तिने खलातला बत्ता उचलून त्याच्या डोक्यात घातला. भुवईवर फुटलं. हा तिसरा मार, आणि चौघांत हिचंच कारण त्याला सगळ्यांत जास्त पटलं होतं.

"समजावन होवचा नाय," गुणाजी म्हणाला. "उचला."

मग जे झालं त्याला सुटका म्हणतात हे बघणाऱ्याला कळलं नसतं. गँगने दारं लाथांनी उघडली. माणसं खांबांना धरून बसली. त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. कोणीतरी उकळती आमटी फेकली, गँगमधल्या एकाचा खांदा सोलून निघाला, त्याने फेकणारीला केसांनी धरून रस्त्यापर्यंत ओढलं. पाच नंबरमधल्या म्हाताऱ्याने गुणाजीच्या मनगटाला चावा घेतला आणि दात तिथेच राहिला. विद्याधरने, एक डोळा रक्ताने मिटलेला, चांगल्या हाताने द्रौपदीच्या सासूची खाट एका टोकाने उचलली. दुसरं टोक गँगमधल्या कोणीतरी धरलं. सासू वरून शिव्या देत होती आणि चपलेने त्याच्या प्लास्टरवर मारत होती. द्रौपदीने त्याची कंबर मागून धरली होती. तिलाही फरफटत तो तसाच रस्त्यापर्यंत गेला.

तेवढ्यात दोन मोटरसायकलींवरून लवू आणि त्याची माणसं आली. इंजिनियर साइटवर आलाय, त्याला हाकला, एवढाच शेठचा निरोप होता. पण समोर बघतो तर दोन वर्षं त्याला जे जमलं नाही ते इंजिनियर करत होता. लवू क्षणभर गोंधळला. मग त्याने धंद्याचा विचार केला.

"गुणाकाका!" तो ओरडला. दोघं एकाच गावचे. "बाजूक व्हा, तुमका जमाचा नाय!"

आणि लवूची माणसं कामाला लागली. ही माणसं शिकलेली होती. दार कसं निखळवायचं, माणूस खांबापासून कसा सुटतो, कुठे मारलं की मूठ उघडते, त्यांना माहीत होतं. उरलेल्या सहा खोल्या त्यांनी बारा मिनिटांत रिकाम्या केल्या. विद्याधरला मनातल्या मनात त्यांचे आभार मानावे लागले, आणि हे तो कोर्टात कधीच सांगू शकला नाही.

एकला दहा कमी असताना सगळी चाळ रस्त्यावर होती. रक्तबंबाळ, ओरडत, पण पूर्ण. गुणाजीने माणसं मोजली. लाभपासून सुरुवात करून एकेचाळीस. द्रौपदीने छाती बडवत शिव्या दिल्या आणि त्या मध्येच थांबवून तीही म्हणाली, एकेचाळीस.

मग विद्याधरने पाहिलं, लवू पिशवी घेऊन ओट्यावर चढला. पिशवीत नवी कुलुपं होती. रिकाम्या खोलीला आपलं कुलूप घातलं की ती आपली. दोन वर्षं तो ही कुलुपं गाडीवर घेऊन हिंडत होता. एक नंबरला लावलं. दोन नंबरला लावलं.

"लवू, खाली ये!" विद्याधर ओरडला. "भिंत चालली!"

"मला नको शिकवू यार! मी स्वतः नऊ भरून घेतलेत!"

"लवू, भायर ये रे!" आता गुणाजी. "मरतलंस! सहा आसत ते, सहा!"

लवूने हात हलवला. काका उगाच घाबरतात, अशा अर्थाने. पाच, सहा, सात. दर कुलूप दाबल्यावर तो ते एकदा ओढून बघे. काम चोख होतं.

आठव्या कुलपावर पत्र्यांची भिंत हलली. आवाज आधी जमिनीखालून आला, ट्रंक ओढल्यासारखा. मग भिंत वरच्या टोकाने खड्ड्यात वाकली, लाकडी टेकू काड्यांसारखे तुटले, एक टेकू उडून तिपाईवर आदळला. चाळीचा ओटा सरकला. एक नंबरची खोली गेली, मग दोन, ओळीने, कोणी हजेरी घेत असल्यासारख्या. लवू वळला. पळायला त्याच्याकडे तीन पावलांची जागा होती आणि तीही चालत खाली निघाली होती. काळा चिखल त्याच्या कमरेपर्यंत आला, त्याने पिशवी वर धरली, आणि मग आठ नंबरचं छप्पर त्याच्यावर बसलं. त्यानंतर नाला फुटून आत आला.

गुणाजी कडेवर पालथा पडून मंकीचा दोर खाली सोडत राहिला. दोघांनी त्याचे पाय धरून त्याला मागे ओढलं, तेव्हा त्याने त्या दोघांनाही मारलं.

चौकीत आता तक्रार घेता येत होती. ती चंद्रप्रकाश शेठनी दिली. लवू भावासारखा होता, असं सांगून ते रडले. मग त्यांनी शनिवारच्या तारखेचा, ताजा, सहीनिशी कागद पुढे ठेवला : भिंत पूर्ण सुरक्षित. कंप्यूटर खोटं बोलत नाही. त्या कडेवर साठ माणसं मारामारी करतात, तर भिंत काय करणार? हा इंजिनियर मवाल्यांची गँग घेऊन गरिबांची घरं रिकामी करायला आला, माझा लवू अडवायला गेला, आणि गेला.

"सही तुझीच का?" हवालदाराने विचारलं.

"माझीच. पण नऊ नाही, सहा..."

हवालदाराने त्याच्या तोंडात मारली. हा चौथा मार. फौजदारांच्या टेबलावर इतर बरेच आकडे होते, त्यांत आणखी दोन नको होते.

द्रौपदीला साक्षीला बोलावलं. तिचा ओठ फाटला होता, एका बाजूचे केस उपटले गेले होते.

"हाच का?" फौजदारांनी विचारलं.

"हाच. माझ्या घरात घुसला. माझी सासू खाटेसकट ह्यानंच उचलली."

फौजदारांनी लिहून घेतलं, कागद फिरवला आणि पेन पुढे केलं. "कर सही."

द्रौपदीने वाचलं. सावकाश, ओठ हलवत. "अर्धंच लिहिलंय."

"अजून काय?"

"बत्ता मी घातला ह्याच्या डोक्यात. ते लिहा. मग ह्यानं खाट रस्त्यात नेऊन ठेवली. मग घर गेलं."

"घर गेलं ते वेगळ्या कागदावर आहे."

"वेगळ्या नको. ह्याच्यावरच. आधी खाट, मग घर. मधे किती टाइम गेला तोही लिहा."

"बाई, हा माणूस तुला मारत होता ना?"

"मारत कुठं होता, ओढत होता. मारलं ते त्या मेलेल्यानं. मी ह्याला सोडा म्हणत नाय. माझी खोली गेली, तिचं उत्तर ह्यानं द्यायचंच हाय, सही ह्याचीच होती. पण क्रम लिवल्याबिगर मी सही करणार नाय."

"क्रमाला इथं जागा नाही," फौजदार फॉर्म दाखवत म्हणाले.

"मागच्या बाजूला कोरं हाय."

चंद्रप्रकाश शेठनी रडणं थांबवून घड्याळ पाहिलं. गजांपलीकडे विद्याधर तोंडातलं रक्त गिळत उभा होता. गुणाजीने त्याला दंडाला धरून ठेवलं होतं, पडू नये म्हणून. द्रौपदी बाकावर बसली आणि तिने हात मांडीखाली घातले.

बराच वेळ गेल्यावर फौजदारांनी कागद उलटा केला. "सांग," ते म्हणाले. "खाट किती वाजता उचलली?"